आहेराच्या टॉवेलांची कंपनी

आमच्या सोलापुरात लग्न म्हटलं की टॉवेल-टोपीचा आहेर आलाच. टोपी कुठेतरी हरवते, टॉवेल मात्र कपाटात साठत जातात आणि कुणी मागितल्याशिवाय बाहेर येत नाहीत. आमच्या कंपनीचे किस्सेही माझ्याकडे तसेच साठलेत. मी न विचारता बोलणारी मुलगी नाही. पण परवा सानियाच म्हणाली, "लिख ना रे, कित्ते दिवस पोटात ठेवणार!" म्हणून लिहितेय.

*

शाळेत स्पर्धा होती. असा उद्योग काढायचा, ज्यातून कुणाची तरी गरिबी कमी होईल. आम्ही नववीतल्या तिघी : वैष्णवी, सानिया आणि मी. वैष्णवी पहिल्या पाच मिनिटांत सीईओ झाली. घरोघरचे पडून असलेले टॉवेल जमवून पिशव्या शिवायच्या, असं ठरलं.

"आता एक गरीब शोधू," सीईओ म्हणाली.

"आपल्यातलीच घेऊ की एक," सानिया म्हणाली. "रिक्षाचं भाडं तरी वाचंल!"

शेवटी आमच्या गल्लीतल्या लक्ष्मीअक्का तयार झाल्या. मांडीवर सूप घेऊन त्या दिवसभर बिड्या वळतात आणि खोकतात. घरात शिलाई मशीन आहे, पण त्यावर कपड्यांचा ढीग.

"एक मोठी ऑर्डर आणा पोरींनो," अक्का म्हणाल्या. "त्या दिवशी हे सूप माळ्यावर! तवर सकाळी बिड्या, दुपारी तुमच्या पिशव्या."

म्हणजे अक्कांचा खोकला आता आमच्या हातात होता. आणि चिठ्ठ्या टाकल्यावर मार्केटिंग आलं माझ्याकडे. मी हजेरीलासुद्धा इतक्या हळू 'येस मॅडम' म्हणते की निम्मे दिवस माझी गैरहजेरी लागते!

*

पहिला टॉवेल मागायला मी सख्ख्या आत्याकडे गेले. अनोळखी माणसापेक्षा सोपं, असं वाटलं. वाक्य पाठ केलं होतं. सोबत घरच्याच एका टॉवेलाची, अक्कांनी शिवलेली नमुन्याची पिशवीही होती.

आत्याने चहा दिला. मी प्यायले. चिवडा दिला. मी खाल्ला. वाक्य काही बाहेर येईना. निघताना आत्या म्हणाली, "अगं, पिशवी आणलीस ती द्यायला लाजतेस काय? गोड आहे गं!" तिने पिशवी ठेवून घेतली, मला कुंकू लावलं आणि रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून कपाटातला टॉवेल दिला.

सानियाने हिशोब लावला. "एक पिशवी गई, एक टॉवेल आया. ये धंदा नै, हळदी-कुंकू है!"

*

पिशवीला टॅग हवा आणि टॅगवर शिवणाऱ्या बाईंचा फोटो हवा, असं शाळेतल्या मॅडमनी सांगितलं. आम्ही मोबाइल घेऊन गेलो, तर अक्का जरीची साडी, गजरा, हातभर बांगड्या घालून मशीनपाशी तयार!

"अक्का, साधी साडी नेसा ना," वैष्णवी म्हणाली.

"फोटो हाय म्हणालीस की!"

"बरं, निदान जरा उदास तरी बघा."

"उदास कशापायी? पोरगी पास झालीय माझी!"

प्रत्येक फोटोत अक्का दात दाखवून हसत होत्या. मागे उजेडासाठी पडदा धरून मी उभी होते. वैष्णवीने फोटो मोठा करून बघितला आणि ओरडली, "हाच चेहरा पाहिजे होता!"

मी उदास नव्हते. माझा चेहराच तसा आहे. पण टॅगवर मी गेले.

*

शाळेच्या प्रदर्शनात एक काकू भाव पाडत होत्या. मीही लगेच दोनदा भाव उतरवला होता. इतक्यात त्यांनी टॅग बघितला. मग मला बघितलं. पुन्हा टॅग.

"तूच का गं ती?" त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "असू दे बाळा, सांगशील तो भाव. दोन पिशव्या दे. घरी कोण कोण असतं?"

घरचं माणूस त्यांच्या मागेच उभं होतं. माझी आई! तिने टॅग हातात घेऊन नीट वाचला, 'गरजू महिलेने शिवलेली पिशवी.' मग शांतपणे म्हणाली, "तू घरी चल. तुला गरज दाखवते."

दुसऱ्या दिवसापासून टॅगवर गजरेवाल्या अक्का.

*

प्रदर्शन संपलं तरी मोठी ऑर्डर आली नव्हती. अक्कांचं सूप मांडीवरच होतं. मग साड्यांच्या दुकानाच्या एका मालकीणबाईंचा निरोप आला. दिवाळीत साडी अशा पिशवीतून द्यायचा त्यांचा विचार होता. "पण काम कुठं चालतं ते आधी बघेन," म्हणाल्या.

त्या यायच्या आधी आम्ही तिघी अक्कांकडे. वैष्णवीची नजर फ्रीजवर गेली. "हा दिसला तर ऑर्डर गेली!" आम्ही फ्रीजवर चादर टाकली, वर दोन डबे मांडले. अक्का नुसत्या बघत होत्या.

बाई आल्या. पिशवी उलटी केली, शिलाई ओढून बघितली, पदराने घाम पुसला. अक्का उठल्या, डबे खाली ठेवले, चादर ओढली, फ्रीज उघडला आणि त्यांना थंडगार ताक दिलं.

वैष्णवीने डोळे मिटले.

"पावण्याला कोमट ताक देऊ व्हय?" अक्का आम्हाला म्हणाल्या.

दुसरा ग्लास संपवून बाई म्हणाल्या, "शिलाई पक्की आहे. दिवाळीच्या सगळ्या पिशव्या तुमच्याकडूनच घेते. कंपनी कुणाची ही?"

वैष्णवीचं भाषण तयार होतं. तिने घसा साफ केला.

"माझी की!" अक्का म्हणाल्या. "ह्या तिघी माझ्याकडं कामाला हाईत. बारक्या हाईत अजून, पण शिकतील."

बाई कौतुकाने माझ्याकडे वळल्या. "काय गं, जमतंय का काम?"

वैष्णवी माझ्याकडे बघत होती. सानियाही. मी 'हो' अशी मान हलवली आणि त्यांचा रिकामा ग्लास विसळायला घेऊन गेले.