एका सुईला एक शिवी

मुलांच्या दवाखान्यात सुई टोचणाऱ्या बाईला मुलं लाडाने हाक मारतील, ही अपेक्षाच चुकीची. आमच्या नर्सबाईंना त्यांनी 'टोचीमावशी' नाव ठेवलं, आणि ते इतकं घट्ट चिकटलं की फोन करणारे मोठे लोकसुद्धा "टोचीमावशी आहेत का?" असंच विचारायचे. ठेंगणी, गुबगुबीत, चपला फटफट वाजवत चालणारी बाई. हसू आलं की ते आधी पोटात हलायचं, मग खांद्यांत, आणि चेहऱ्यावर सगळ्यात शेवटी पोचायचं. नवरा शिंपी. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान. "आमचं घर सुईच्या टोकावर उभं आहे," तो गिऱ्हाइकांना सांगायचा. "फरक एवढाच, की मी टोचलं तर कापड रडत नाही."

थंडीच्या तोंडावर फ्लूच्या लशीचे दिवस आले की दवाखान्याचं रणांगण व्हायचं. बाकीच्या लशी ठरलेल्या वयात घेतल्या की सुटका. ही मेली दरवर्षी. मुलांना हा शुद्ध विश्वासघात वाटायचा.

"मागच्या वर्षी घेतली की!" कुणीतरी हमखास ओरडायचं.

"अरे, तो फ्लूचा विषाणू म्हणजे अट्टल चोर," टोचीमावशी समजवायची. "दरवर्षी नवा सदरा, नवी टोपी घालून येतो. तुझ्या अंगातले पहारेकरी बसलेत जुना सदरा शोधत. त्यांना चोराचा नवा फोटो दाखवायला नको?"

"मग फोटो दाखव ना! टोचतेस कशाला?"

 यावर तिच्याकडे एक युक्ती होती, आणि ती तिला एका पोरानेच शिकवली होती.

ती नोकरीला नवी असताना एक मुलगा तिच्यासमोर हाताची घडी घालून उभा राहिला. संतापाने लालबुंद. त्याला तिला काहीतरी भयंकर बोलायचं होतं, पण शब्द सापडेना. "तू ना... तू ना... तू एक..." तो छताकडे बघत शोधत राहिला. तेवढ्यात मावशीने त्याची बाही वर केली, सुई दंडात गेली, बाहेर आली, कापसाचा बोळा बसला. "...सडकं वांगं आहेस!" तो गरजला. आणि मग म्हणाला, "टोच आता."

"टोचून झालं," मावशी म्हणाली.

त्या दिवसापासून नियमच झाला: एका सुईला एक शिवी माफ. शब्द शोधणारं पोर दंड विसरतं, हे तिला कळलं होतं. मुलं वर्षभर तयारी करू लागली. 'फाटक्या छत्री', 'आंबट मांजरी', 'उंदराने कुरतडलेल्या साबणा'. मावशी प्रत्येक शिवी कान देऊन ऐकायची आणि मत द्यायची. "बरी आहे. पण तुझ्या ताईची मागच्या वर्षीची जास्त झणझणीत होती." एखादं बुजरं पोर गप्प बसलं, तर त्याची आई कानात सुचवायची, आणि ती इतक्या उत्साहाने सुचवायची, की मावशीला शंका यायची, ही शिवी मुळात कुणासाठी जपून ठेवलेली असेल?

सगळं सुरळीत चाललं होतं. मग त्या वर्षी, लशी नुकत्याच सुरू झाल्या असताना, एक बाई ऑफिसातून तडक दवाखान्यात आली आणि डॉक्टर मॅडमच्या टेबलावर पर्स आपटून उभी राहिली.

"माझ्या मुलाने काल जेवताना आजोबांना 'गंजलेल्या कुलपा' म्हटलं. कुठे शिकलास, विचारलं, तर म्हणतो दवाखान्यात. तिथे चालतं म्हणे! अहो, माझा नवरा अजून बाबांसमोर खुर्चीवर टेकून बसत नाही!"

हे बाबा म्हणजे जुने मुख्याध्यापक. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी ते रस्त्याने चालले की टक्कल पडलेले लोक हातातली सिगारेट लपवायचे.

डॉक्टर मॅडम उंच, शिडशिडीत आणि भांडणाला घाबरणाऱ्या. त्यांनी लगेच मावशीला बोलावलं. "उद्यापासून शिव्या बंद. बोलायचंच असेल तर मुलांनी काहीतरी चांगलं बोलावं. कौतुक करावं."

"बरं मॅडम," मावशी म्हणाली. पण पोट हलायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहिला नंबर लागला तो 'वकीलीणबाईं'चा. वय आठ, चष्मा, दोन वेण्या, आणि प्रत्येक गोष्टीवर हरकत. वर्षभर घोटून आणलेली शिवी ओठांवर होती. मावशीने नवा हुकूम सांगितला तशी ती खुर्चीवर उभीच राहिली.

"बंद? आम्हाला न विचारता?" बाकावरच्या मुलांकडे वळून ती ओरडली, "शिवी नाही, तर सुई नाही!"

बाकाने ती घोषणा उचलून धरली. बघता बघता एक जण टेबलाखाली शिरला, दोघांनी संडासात जाऊन आतून कडी लावली, आणि ज्यांना काहीच कळलं नव्हतं ती तान्ही मुलं नुसत्या गलक्याने रडू लागली. डॉक्टर मॅडम धावत बाहेर आल्या.

"हे काय चाललंय?"

"मी फक्त तुमचा निरोप सांगितला," मावशी साळसूदपणे म्हणाली.

मॅडमनी मुलांना शांत करून कौतुकाची कल्पना पुन्हा समजावली. वकीलीणबाईंनी डोकं खाजवलं. मग खाली बसून दंड पुढे केला.

"मावशी, तुझं पोट किती छान मोठ्ठं आहे. त्यात दोन हत्ती पाय पसरून झोपतील."

सुई आत, सुई बाहेर. टेबलाखालून एक डोकं वर आलं. अस्सं असतं होय कौतुक! संडासाची कडी निघाली. मग कौतुकाला ऊत आला. "तुझा आवाज इतका गोड आहे, की कावळे शिकवणीला येतील." "तुझ्या चपला इतक्या सुंदर वाजतात, की भुतंसुद्धा घर सोडून जातील." एकाने उदार होऊन डॉक्टर मॅडमनाही सोडलं नाही. "मॅडम, तुमचं नाक मस्त लांब आहे. त्यावर ओले कपडे वाळत घालता येतील."

मॅडम तडक आत गेल्या. आरसा ठेवलेला ड्रॉवर उघडल्याचा आवाज मावशीने ऐकला.

दुपारी गर्दी ओसरत असताना दारात काठी वाजली. आपल्या नातवाचा हात धरून खुद्द मुख्याध्यापक आत आले. पांढराशुभ्र शर्ट, कडक इस्त्री. बाकावरची मुलं पाठी ताठ करून बसली. टोचीमावशी त्यांच्याच शाळेत शिकलेली. तिचे हात आपोआप पाठीमागे गेले.

"शिव्यांचा नियम तुझाच का?"

"हो सर."

"आणि बंद केलास म्हणे?"

"वरून हुकूम आला सर. तुमच्याकडून तक्रार..."

"मी केली तक्रार?" त्यांनी काठी आपटली. "आमची ही गेल्यापासून घरात माझ्याशी कसं बोलतात, ठाऊक आहे? बाबा, जेवलात का? बाबा, गोळी घेतलीत का? की झालं, संपलं. ही होती तेव्हा रोज भांडायची माझ्याशी. कानाला सवय झाली होती गं." त्यांनी नातवाकडे बोट दाखवलं. "परवा हे कार्टं मला गंजलेलं कुलूप म्हणालं. मी त्याला फुटकी घागर म्हटलं. मग तो, मग मी. ताटं वाळेपर्यंत चाललं आमचं. सूनबाईला फक्त त्याच्याच शिव्या ऐकू आल्या, कारण मी हळू आवाजात देत होतो. शिस्त म्हणून."

मावशीला हसावं की डोळे पुसावेत कळेना. तिने नातवाचा दंड हातात घेतला आणि मॅडमच्या दाराकडे पाठ करून हळूच म्हणाली, "बोल बाबा, पटकन."

"तुटक्या झाडू!" तो खूश होऊन कुजबुजला. काम झालं.

"म्हाताऱ्यांनीही घ्यावी ना ही लस?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"घ्यायलाच हवी," मॅडम दारातून म्हणाल्या. त्या केव्हापासून तिथे उभ्या होत्या देव जाणे.

मुख्याध्यापक खुर्चीवर बसले. बाही नीट चार घड्या घालून दुमडली. पण काठीचं टोक फरशीवर टकटक वाजत होतं, आणि सर ते मुद्दाम वाजवत नव्हते. ते आपोआप वाजत होतं.

"सर, एक शिवी द्या," मावशी म्हणाली.

"विद्यार्थिनीला? मी वर्गात कधी कुणाला वेडंवाकडं बोललो नाही."

"मग मी देऊ?"

ते बघतच राहिले. मावशीने मान खाली घालून, तोंडी परीक्षेत उत्तर द्यावं तसं सांगितलं, "शाळेत आम्ही तुम्हाला 'खडूस खडू' म्हणायचो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"सगळी शाळा."

"सगळी?"

"शिपाईसुद्धा सर."

"शिपाईसुद्धा!" त्यांनी आ वासला. "तरीच तो माझ्या खोलीत शिरताना दातांत ओठ धरायचा... बरं, कधी टोचणार आहेस?"

"बोळा दाबून धरा सर."

त्यांनी दंडाकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, आणि ते हसले. जुन्या दाराची बिजागरी कुरकुरावी तसं हसू, पण खरं. नातवाच्या हाती तर घबाडच लागलं होतं.

लस घेतल्यावर थोडा वेळ बाकावर बसावं लागतं. सूनबाई त्यांना न्यायला आली तेव्हा आजोबा-नातू तिथे शेजारी शेजारी बसले होते.

"खडूस खडू!"

"उंदराच्या शेपटी!"

"सुकलेल्या मुळ्या!"

ती दारातच खिळली. "बाबा, अहो काय हे!"

"ये, बस," मुख्याध्यापक सरकून जागा करत म्हणाले. "तुझीही एक येऊ दे."

"काहीतरीच काय!"

"माझी आज्ञा आहे."

ती बसली. पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. मग समोरच्या भिंतीकडे बघत अगदी हळू म्हणाली, "तुम्ही ना बाबा... पहाटे सगळं घर उठवणारा बिघडलेला रेडिओ आहात."

 मुख्याध्यापक तिच्याकडे वळले. "किती दिवस दाबून ठेवलं होतंस हे?"

"लग्न झाल्यापासून."

"भले!" त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली, आणि ती तोंडाला पदर लावून हसत सुटली. थोडी रडलीसुद्धा, पण ते तिने चष्मा पुसण्याच्या बहाण्याने निभावून नेलं.

डॉक्टर मॅडमनी तिथल्या तिथे निकाल दिला. नियम पुन्हा चालू. अटी दोन. कुणाच्या दिसण्यावर आणि आईबापावर जायचं नाही; भाज्या, भांडी आणि प्राणी चालतील. "विशेषतः नाकावर जायचं नाही," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक आलं ते आईच्या कुशीत. जेमतेम सहा महिने पुरे झालेलं, आयुष्यातली पहिली फ्लूची लस घ्यायला. मावशीने आईला समजावलं, की एवढ्या लहान मुलांना पहिल्या वर्षी दोन डोस लागतात, दुसऱ्यासाठी चार आठवड्यांनी यायचं. मग तिने बाळाला मांडीवर घेतलं, पायावर इवलीशी जागा शोधली आणि टोचलं. बाळ रडलं नाही. त्याने तिच्याकडे एकटक पाहिलं आणि आपलं म्हणणं दुसऱ्या मार्गाने मांडलं. लंगोट सैल होता. मावशी कमरेपासून गुडघ्यापर्यंत भिजली.

तिने दुकानात फोन केला. "अहो, काहीतरी नेसायला घेऊन या. लगेच."

शिंपीबुवा हाताला लागला तो ड्रेस घेऊन आले. एका गिऱ्हाइकाचा होता, एक बाही अजून लावायची राहिली होती. मावशीने कपडे बदलले आणि दोघं घराकडे निघाली. कोपऱ्यावर नेमकी तीच गिऱ्हाईक बाई समोर आली आणि मावशीकडे निरखून पाहू लागली.

"अय्या! माझ्या कापडासारखंच कापड!"

"सध्या खूप चाललंय हे," शिंपीबुवा म्हणाले.

"पण याची दुसरी बाही कुठे आहे?"

"फॅशन आहे," ते म्हणाले, आणि बायकोचा उघडा दंड धरून झपाझप चालू लागले.