आक्कानं पाजलेलं पाणी

बायकोलाही हे ठाऊक नाही. आक्काला तर नाहीच — आणि कळायला हवं होतं ते आधी तिलाच.

निमोण्यातल्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्याचा मला गर्व होता. खोटं कशाला बोलू, आजही आहे. दोन हजारनंतरची ती वर्षं. आप्पांना, माझ्या वडिलांना, प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांशी बोलायला मीच. त्यांनी ग्रंथीत किरणोत्सर्गी बारीक दाणे बसवून आतून शेक दिला. घरी सोडताना मला बाजूला घेऊन म्हणाले, आता ती सुजेल, लघवीची वाट दाबेल. लघवी अडली तर पाणी पाजत बसू नका, लगेच नळी घालायला आणा. मला सगळं समजलं होतं — न समजल्याची सबब माझ्याकडे नाही.

आई नव्हती, म्हणून आप्पा दौंडला थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे राहिले. तिला मी सांगितलं, मुतखडा काढलाय. आप्पांनाही तेच. माझी सोयरीक मांडवगणला जुळत आली होती. कॅन्सरचं घर म्हणून मोडली तर?

आठवडाभरात शिक्रापूरला माझ्या कंपनीत आक्काचा फोन आला.

"आरं, आप्पांची लघवी तुंबलीया. खडा आडाकला आसंल. सकाळधरनं हुलग्याचं पाणी पाजतीय. आजून पाजू का?"

उकडलेल्या हुलग्याच्या पाण्यानं खडा पडतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. खडा असता तर तिचं बरोबरच होतं. पण माझ्या शेजारी होणाऱ्या सासऱ्यांचा पुतण्या बसला होता, कान देऊन. 'दवाखान्यात ने' — एवढं म्हणायला कॅन्सरचं नाव लागत होतं का? नव्हतं. पण ती विचारणार, का रं, खड्याला दवाखाना कशाला? मग मी काय सांगणार होतो?

मी म्हणालो, "पाज. भरपूर पाज."

आणि ड्यूटी संपेपर्यंत बसून राहिलो.

दौंडला पोचलो तर आप्पा तोंडात टॉवेल कोंबून पडलेले. पोट दगडासारखं. तिथल्या डॉक्टरांनी नळी घातली आणि ओरडले, "एवढं पाणी कुणी पाजलं?" आक्का म्हणाली, "म्या." मी तिच्याकडे बघितलं — सगळ्यांनी बघितलं तसंच.

ताणलेलं मूत्राशय पुन्हा सावरलं नाही. नळी कायमची राहिली. माझ्या लग्नात आप्पा मांडवाच्या कडेला, पिशवीवर धोतर ओढून बसले होते. आक्का रडायची, "म्या आडाणीनं बापाचं वाटुळं केलं." मी म्हणायचो, "जाऊ दे आक्का, तुला कुठं माहीत होतं?"

मी तिला माफ करायचो — ऐकताय ना?

काही वर्षांनी आप्पा गेले. दहाव्याला, सगळ्या भावकीसमोर, आक्कानं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. थोरली ती. मी पाय मागं घेतले नाहीत.