फोरमनचं नख

आमच्या काकांना सगळी गल्ली 'फोरमन' म्हणते. काकूसुद्धा. "फोरमन, जेवायला या" ही पहिली हाक साखरेतली. तिसरी अशी : "फोरमन, ताट ट्रॅक्टरच्या सीटवर वाढू का?" यावर काका आधी थंड इंजिनासारखे दोनदा खाकरतात, मग वाक्य सुरू होतं. "हूं… हूं… शाफ्ट उघडाय, आलोच." येत नाहीत.

हा साठ वर्षांचा ट्रॅक्टर काकांना काम शिकवणाऱ्या वस्तादांचा. वस्ताद अठ्ठ्याऐंशीचे. रविवारी ते कायमचे लेकीकडे राहायला निघाले होते आणि जाण्याआधी त्यांना ट्रॅक्टरवरून एक चक्कर मारायची होती. फोरमन बोलून बसले, "वस्ताद, तुम्ही फक्त या. बाकी माझ्यावर सोडा."

इंजिन चालू झालं, रंग झाला. उरलं मागच्या उजव्या चाकाच्या शाफ्टचं सील. सील म्हणजे पत्र्यात बसवलेलं रबराचं कडं. त्याची आतली कड फिरत्या शाफ्टला बिलगून तेल अडवते. ती झिजली की तेल थेट ब्रेकवर, आणि मग ट्रॅक्टर थांबणार की नाही ते त्याच्या मर्जीवर. असल्या ट्रॅक्टरवर म्हाताऱ्या माणसाला बसवायचं कुणी?

सोमवारी सील बदललं, मंगळवारी ब्रेक तेलकट. बुधवारी दुसरं बसवलं, गुरुवारी पुन्हा तेच. सुट्या भागांचा दुकानदार प्रत्येक शब्द ताणत म्हणाला, "फोरमऽन, सीलं बसवताय की खाताय? हे शेवटचं हं. या मॉडेलचं आता कुठे मिळायचं नाही."

शुक्रवारी काकू चहा घेऊन शेडमध्ये गेली, तर फोरमन खोक्यावर बसलेले, शेवटचं सील मांडीवर.

"बसवत का नाही?"

"बसवतो."

"कधी? मुहूर्त काढायचाय?"

"हूं."

वस्तादांची शिकवण अशी, की सील बसवण्याआधी शाफ्ट पुसायचा आणि त्यावर नख फिरवायचं. नख अडकलं तर तिथे चर पडलाय. नवं सील त्याच चरावर बसवलं तर तेही गळणार. मग ते सूतभर बाहेर बसवायचं, म्हणजे कड कोऱ्या लोखंडावर येते. काका नोकरीला होते त्या डेपोत फोरमनच्या या नखाचा दरारा होता. तरणी मंडळी मोजमापं घेत बसायची आणि हे नख फिरवून म्हणायचे, "फेका."

"नख लावलं होतंत ना?" काकूने विचारलं.

"दोन्ही वेळेला. गुळगुळीत लागला."

"मग गळतं कसं?"

फोरमननी तिचा हात धरला आणि शाफ्टवर नेला. "नख फिरव."

"अहो, ग्रीस!"

"लागू दे."

तिने फिरवलं. "अगं बाई! खड्डा आहे की इथे! कट्कन अडकलं!" बक्षीस लागल्यासारखी ती ओरडली. मग तिने त्यांच्याकडे बघितलं.

"तुम्हाला नाही लागला?"

"नाही."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. बोटं आहेत, पण… हूं… दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी."

"म्हणून परवा तापलेलं पातेलं फडक्याशिवाय उचललंत! आणि मी मेली म्हणते कशी, वा, काय कणखर माणूस!" तिला हसूही फुटलं आणि ते मधेच अडकलं.

सील सूतभर बाहेर बसवायचं होतं, चहूबाजूंनी सारखं. फोरमननी ते दोन्ही हातांनी धरलं. काकूने लाकडी ठोकळा वर ठेवून हातोडी मारली. एक. दोन.

"तिरकं जातंय का गं?"

"तुम्ही धरलंय ना? तुम्हीच सांगा!"

"हाताला कळत नाहीये."

"मला शिवणाची टीप कळते हो, हे लोखंड मला काय कळणार? मारू की नको?"

"मार."

तिसऱ्या ठोक्याला सील एका अंगाने आत घुसलं आणि दुसऱ्या अंगाने त्याचा पत्रा दुमडला. दोघं त्याच्याकडे बघत राहिली. काकूने हातोडी हळूच, आवाज न करता खाली ठेवली.

दुपारी फोरमननी वस्तादांना फोन लावला आणि तिन्ही सीलं वाया गेल्याचं सांगितलं. वस्तादांच्या तोंडात दात नाहीत, त्यामुळे प्रत्येक शब्दाआधी वारा येतो.

"फ्… नख लावलंस?"

"लावलं."

"फ्… काय म्हणालं?"

फोन घ्यायला काकूने हात पुढे केला होता. फोरमननी दिला नाही.

"वस्ताद, नख आता काही सांगत नाही मला."



"फ्… रविवारी दहाची गाडी आहे. नऊला येतो. चालू करू नकोस. नुसता बसेन."

"हूं," फोरमन म्हणाले. "या."

मग ते शेडमध्ये गेले आणि लाकडाच्या चार पाचरी शोधून चाकांखाली मागूनपुढून सारल्या. घट्ट बसल्यात का, ते प्रत्येकीला पायाने ढकलून पाहिलं.