बोएमचा प्रिल्यूड आणि खालचे मिस्टर गोह

सिंगापुरात, बुकित बातोकच्या एका इमारतीत पाचव्या मजल्यावर सुचित्राबाई टिपणीस रोज संध्याकाळी सातला लाथा झाडायला बसत. दिवसभर जुरोंग ईस्टच्या ऑफिसात अवाक्षर न काढणारी ही बाई घरी आली की खास बूट चढवायची, हेडफोन लावायची आणि सेकंडहँड इलेक्ट्रिक ऑर्गनच्या पायपट्ट्या तुडवायची.

गेऑर्ग बोएम हा बाखच्या आधीच्या पिढीतला जर्मन. त्याचा सी मेजरमधला प्रिल्यूड सुरू होतो तो नुसत्या पायांनी. हात मांडीवर, पाय रणांगणात. शनिवारी निवड चाचणीत हाच वाजवून दाखवायचा होता. निवड झाली तर शहरातल्या एका चर्चच्या खऱ्या पाइप ऑर्गनवर वर्षभर सराव करायला मिळणार होता, आणि जागा एकच. बावन्न वर्षांच्या आयुष्यात बाईंनी पाइपांतल्या वाऱ्यावर वाजणारा एकही सूर दाबला नव्हता.

संगीत सगळं त्यांच्या कानात. खालच्या मजल्यावर मिस्टर गोहंच्या डोक्यावर मात्र नुसतं धाड, धाड, धाडधाड. म्हाताऱ्याने साधा अर्थ लावला: वरचा नवरा बायकोला बडवतो.

गुरुवारी बेल वाजली. बाईंच्या नवऱ्याने, अभयरावांनी, दार उघडलं. समोर गोह, हातात कपडे वाळत घालायचा बांबू.

"यू बीट युवर वाइफ, आह?"

"नो, नो अंकल! शी इज प्लेइंग बाख!"

मार खाण्याच्या तोंडावरही माणसाने संगीतकार चुकवावा!

पहिला फटका कपाळावर, दुसरा कानशिलात. चष्मा फुटला, कपाळाचं रक्त डोळ्यांत ओघळलं. "सुचित्रा! अगं सुचित्रा!" सुचित्रा पाठमोरी, प्रिल्यूडमागून येणाऱ्या फ्यूगच्या ऐन भरात. तिची हलणारी पाठ बघून, ही हुंदके देतेय असं वाटून गोह जास्तच पेटले. अभयरावांनी त्यांच्या कमरेला मिठी घातली आणि दोघे लोळत ऑर्गनच्या बाकावर येऊन आदळले. हेडफोन निसटले.

नवरा रक्ताने माखलेला, छातीवर म्हातारा. बाईंनी पायातला बूट उपसला आणि गोहंच्या नाकावर हाणला. नाक फुटलं.

"मेल्या, सोड त्याला!" परत हाणला.

गोहंनी आंधळेपणाने बांबू फिरवला, तो बसला बाईंच्या उघड्या डाव्या पायावर. कट्कन आवाज आला.

"आय ॲम द नॉइज!" बाई किंचाळल्या आणि उजव्या पायाने पट्टी तुडवली. धाड. परत धाड.

"आलामाक," असं सिंगापुरी 'अरे देवा' म्हणत गोह खालीच बसले. बांबू गळून पडला.

बाईंच्या डाव्या पायाच्या अंगठ्याचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे पाय टेकायचा नाही, डॉक्टरांनी बजावलं.

"शनिवार सोड आता," सात टाके पडलेले अभयराव म्हणाले.

"तू बोलू नकोस. तुला बोएम आणि बाखमधला फरक कळत नाही."

शनिवारी डावा बूट चढेना. बाईंनी सगळे डावे सूर टाचेने दाबले. प्रत्येक सुराला कळ मस्तकात जायची, आणि वर पाइपांतून असा वारा सुटायचा की बाक थरथरे. तीन सूर चुकले. शेवटचा दाबून धरताना ओठ इतका चावला की तोंडात रक्त आलं.

परीक्षक बाई काहीतरी म्हणाल्या. ऐकू आलं नाही. मग त्या ओरडल्या, "जागा तुमचीच! आधी पाय बरा करा! आणि आता उचला तो!"

सुचित्राबाईंनी उचलला नाही. सूर चालूच होता.