साडीत आलेली पिल्ले

हजीऱ्याजवळच्या खाडीवर तिवरांची राखण करणारा लोटू दिवसभरात एकाच माणसाशी बोलत असे, ती जशीबेन. आयुष्यभर लूमवर साड्या विणून कान अधू झाल्यावर त्याने ही नोकरी धरली होती. बायको वारली होती. मुलगा शहरात, गोडादऱ्याला, आपल्या संसारात होता. ओहोटीला जशीबेन येई, जुनी पॉलिस्टर साडी पाण्यातून ओढून बोटभर कोळंबी धरी आणि मग बांधावर बसून त्याच्यासोबत चहा घेई.

त्या दिवशी लोटूने तिची साडी प्रथमच नीट उलगडून पाहिली. कोळंबीखाली माशांची आणि कोळंबीची कणीएवढी, काचेसारखी पिल्ले चिकटून मेली होती. ती तिवरांच्या मुळांत वाढून मगच समुद्रात जातात, हे त्याला नेमताना सांगितले होते. तेव्हा त्याला ते फारसे पटले नव्हते. पण असल्या विणीतून काय सुटते आणि काय नाही, हे त्याला कोणी सांगायला नको होते.

बोलावे की गप्प राहावे, हे ठरेपर्यंत चहा निवला.

“जशीबेन, उद्यापासून साडी नको. मोठ्या भोकांचं जाळं आणा.”

ती हसली. “आणि मी आलेच नाही तर बोलाल कुणाशी, लोटूभाई? या झाडांशी?”

“साडी नको,” तो पुन्हा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला त्याने सवयीने दोघांचा चहा केला. बांधावर कोणी आले नाही. मुळांमधल्या उथळ पाण्यात, निरखून पाहिले तरच दिसेल इतके काहीतरी हलत होते. ते पाहत त्याने दुसरा कपही संपवला.