गेल्या वर्षीचा आंबा चालतो

सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि रॉटरडॅमच्या बंदराजवळच्या एका रिकाम्या गोदामात पत्रू हलामी बांबू फोडत होता. बाहेर नऊ अंश तापमान होतं. एप्रिलचा तिसरा आठवडा. कुरखेड्यापासून अकरा किलोमीटरवरच्या त्याच्या गावात या वेळी माणसं मोह वेचून परत येत असतील आणि सावली शोधत असतील. इथे पत्रू अंगात दोन स्वेटर घालून सावलीतून उन्हात सरकत होता.

पंचेचाळीस दिवसांचं काम होतं. एका मोठ्या प्रदर्शनात ‘गडचिरोलीच्या जंगलातला बांबू मंडप’ उभा करायचा होता. गडचिरोलीचा बांबू कीडमुक्तीच्या एका कागदावाचून बंदरात अडकला, तेव्हा संयोजकांनी चीनमधून बांबू मागवला. मंडपाच्या नावात बदल करण्याची गरज कुणाला वाटली नाही. गडचिरोलीचं असं मंडपात आता फक्त पत्रूच होता. त्याच्याबरोबर भाषांतरासाठी आणि कागदपत्रांसाठी ब्रह्मपुरीचा दिनेश आला होता. तो एका संस्थेत नोकरीला होता आणि समोर येईल ते खात होता.

पत्रूला जेवणाची अडचण होती. सकाळी पाव, दुपारी पाव. संध्याकाळी सहाला, म्हणजे गावाकडे गुरं घरी येतात त्या वेळी, रात्रीचं जेवण. त्यात उकडलेले बटाटे. भारतीय पाहुण्यासाठी एकदा मुद्दाम भात केला. तो थंड करून, त्यात मक्याचे दाणे आणि तेल घालून, पानांच्या गड्डीवर ठेवून आणला. पत्रू धानाच्या मुलखातला. त्याने तो भात बराच वेळ पाहिला आणि दिनेशला विचारलं, “हा कोनाले वाहून झाला का?”

बायकोने, मंगलीने, बांधून दिलेली तिखटाची पुडी बाराव्या दिवशी संपली. त्यानंतर त्याला आवडेल अशी एकच गोष्ट उरली. न्याहारीच्या टेबलावर बर्फात ठेवलेलं, लहान डब्यातलं पिवळं गोड दही. तो रोज दोन डबे खायचा.

ते दही नजरेला आलं ते झिंगूच्या. झिंगू हा पत्रूचा चुलतभाऊ. पत्रू विमानात बसल्यापासून तो रोज मोबाइलवर विचारायचा, “आज काय खाल्लं भाऊ? फोटो पाठव ना.” सगळ्यांना वाटायचं, काय माया आहे. पत्रूने न्याहारीचा फोटो पाठवला. चार मिनिटांत उत्तर आलं. झिंगूने फोटोतला दह्याचा डबा मोठा करून परत पाठवला होता. डब्यावर आंब्याचं चित्र होतं.

पत्रूच्या गावात मरका पंडुम होईपर्यंत कुणी नवा आंबा तोंडात घालत नाही. मरका म्हणजे आंबा, पंडुम म्हणजे सण. गावचा पुजारी, म्हणजे गायता, दिवस ठरवतो. त्या दिवशी नवे आंबे टोपलीतून देवाकडे नेतात, आणि मग लोक खातात. तोवर झाडाखाली पडलेली कैरीही उचलायची नाही. ती टोपली उचलायचा मान तीन पिढ्या पत्रूच्या घरात होता. ज्याने आधी आंबा चाखला त्याने टोपलीला हात लावायचा नाही, हा नियम. आणि पत्रूचा हात सुटला तर पुढचा हात झिंगूचा, हाही नियमच. त्याच्या मायेचा हिशेब असा होता.

यंदा गायत्याच्या, दादाजीच्या, घरात मौत झाल्यामुळे पंडुम लांबला होता. तारीख ठरली नव्हती.

“दिनेशभाऊ, याच्यात काय हाय, वाचून सांग बरं.”

दिनेशने डबा फिरवला. “दूध, साखर, आंब्याचा गर तेरा टक्के.”

“तेरा म्हंजे किती?”

“चमचाभर असंन.”

“मी नऊ दिवसांपासून खाऊन राह्यलो.”

“मग वाटीभर,” दिनेश म्हणाला. तो बीकॉम होता.

पत्रू लपवू शकला असता. डबा शेजाऱ्याचा होता म्हणून सांगितलं असतं तर संपलं असतं. पण खोटं बोलून टोपली उचलली आणि गावात पुढे काही बरंवाईट झालं, तर ते कुणामुळे, हे त्याला एकट्याला माहीत राहिलं असतं. दुपारच्या पावाच्या सुट्टीत त्याने दादाजीला फोन लावला. गावात चार वाजले होते. दादाजी पाण्याच्या टाकीजवळ होता, कारण फोन तिथेच लागतो.

“दादाजीभाऊ, माह्या हातून आंबा खाल्ला गेला.”

दादाजी रागावला नाही. त्याने चौकशी केली. “नवा का जुना?”

“डब्यातला हाय. गर.”

“अरे, डब्यातला असो का धानाच्या डोलीतला. यंदाचा का गेल्या सालचा? गेल्या सालच्या वाळवलेल्या फोडी आपुन बी वरनात टाकतोच ना? त्याले कोन अडवते? नवा असंन तर टोपली झिंगू उचलन. विचार त्याइले.”

मागून झिंगूचा आवाज आला, “नवाच असंन! परदेशात जुनं कोन खाते?” तो टाकीजवळच होता.

प्रश्न साधा होता. तो विचारायला मारेकेकडे जावं लागलं. मारेके ही मंडपाची व्यवस्थापक. उंच, कामसू, आणि पाहुण्यांच्या संस्कृतीबद्दल आदर बाळगण्याचं तिने रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. दिनेशने थोडक्यात सांगितलं, “पत्रूभाऊ आंब्याच्या हंगामाबाबत फार काटेकोर आहेत. हा गर कधीच्या आंब्याचा, एवढं त्यांना हवंय.” मारेकेने ते वहीत लिहून घेतलं आणि दही बनवणाऱ्यांना मेल पाठवला.

दोन दिवसांनी सहा पानी उत्तर आलं. कुठल्या देशातला आंबा, कुठली बाग, कीटकनाशकाचा अंश किती, मजुरांना विश्रांती किती, सगळं होतं. तिथल्या लोकांनी आपला पंडुम केला होता का, याचा रकाना नव्हता. मात्र चौथ्या पानावर तोडणीची तारीख होती. गेल्या वर्षीची.

दादाजीने ऐकलं आणि निकाल दिला. “जुना हाय. चालते.” झिंगूने हरकत घेतली की देश वेगळा, झाड वेगळं, त्याचा जुनेपणा आपण कसा मानायचा. दादाजी म्हणाला, “आंबा तो आंबा. साल ते साल. तू मोह वेचाले जा.”

इथे हे मिटायला हवं होतं. पण मारेकेच्या वहीत नोंद राहिली होती: पाहुण्याला शिळा आंबा दिला गेला, त्याने नम्रपणे नापसंती कळवली. तिला वाईट वाटलं होतं. त्यातून मंडपाचा खर्च उचलणारी कंपनी होती फळं आयात करणारी. उद्घाटनाची पत्रिका छापून आली तेव्हा दिनेशने ती वाचली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली.

“काय झालं?” पत्रूने विचारलं.

“तुह्यासाठी पश्चिम आफ्रिकेतून अकरा पेट्या येऊन राह्यल्या. यंदाचा पहिला आंबा. तू कोयत्यानं कापायचा, कॅमेऱ्यासमोर पहिली फोड तूच खायची.”

“अन् कंपनीवाला?”

“तो टाळ्या वाजवन.”

पत्रूचं म्हणणं होतं की मारेकेला खरं ते सांगून टाकावं. दिनेशला अनुभव होता. रीतिरिवाज म्हटलं की इथे चार बैठका होतात, एक तज्ज्ञ बोलावतात आणि शेवटी रिवाजावर चर्चासत्र ठेवतात. आंबा टेबलावरच राहतो. त्याने कार्यालयातून एक फॉर्म आणला. ‘कोणत्या पदार्थाची अ‍ॅलर्जी आहे?’ या प्रश्नापुढे ‘आंबा’ लिहिलं आणि पत्रूपुढे सरकवला. पत्रूने सही केली.

त्या सहीने जे झालं ते कुठल्याही देवाच्या नावाने झालं नसतं. अर्ध्या तासात हातमोजे घातलेली दोन माणसं आली आणि अकराच्या अकरा पेट्या उचलून इमारतीबाहेर घेऊन गेली. टेबलं दोनदा पुसली. परिचारिकेने पत्रूला तीन वेळा विचारलं की श्वास नीट चाललाय ना. त्याच्या गळ्यात आंब्याच्या चित्रावर लाल काट मारलेलं कार्ड अडकवलं. आंबा विकणाऱ्या कंपनीच्या साहेबांनी आंब्याची थोरवी सांगणारं भाषण रिकाम्या टेबलासमोर उभं राहून केलं. पत्रूने कोयत्याने टरबूज कापलं आणि पहिली फोड खाल्ली. टाळ्या झाल्या.

फोटो गावात पोचला तो कार्डासकट. संध्याकाळी दादाजीचाच फोन आला. गावात साडेनऊ झाले होते.

“पत्रू, झिंगू म्हणते तुले आंबा बाधते. ज्याले बाधते त्यानं टोपली कशी उचलाव? देवाचा आंबा खाल्ल्याबिगर टोपलीवाल्याले उठता येत नाई.”

“बाधत नाई, भाऊ. नुसतं खोटं लिवलं कागदावर, आंबा टाळाले.”

“लिवलं कोनं?”

“दिनेशभाऊनं.”

“सही?”

“माही.”

पलीकडे दादाजीने मोठ्याने दिवस मोजले.

“मेच्या पंचवीसले पंडुम ठेवतो,” दादाजी म्हणाला. “तू तेवीसले येतं ना? पहिले साऱ्याइच्या समोर सांगजो का कागदावर खोटं लिवलं. त्याचा दंड भरजो. मंग टोपली उचलजो, अन् पहिला आंबा तूच खाजो, साऱ्याइले दिसंन असा. काई झालं नाई तर टोपली तुही. उलटी झाली तर झिंगूची.”

“अन् इथी तोवर?”

“इथी आंब्याले हात लावजो नको. नवा बी नाई, जुना बी नाई. अन् त्याचा पुरावा घेऊन येजो. झिंगू मागन.”

पुराव्याची चिंता करावी लागली नाही. अ‍ॅलर्जी लिहून देणाऱ्याची रोज नोंद ठेवायची, अशी सोय आंबा विकणाऱ्या त्या कंपनीच्याच नियमात होती. उद्या शुक्रवार. सकाळी सव्वासहाला पत्रूने तळमजल्यावरच्या प्रथमोपचाराच्या खोलीत जायचं आहे. तिथे परिचारिकेसमोर एका छापील वहीत, गेल्या चोवीस तासांत आंबा पोटात गेलेला नाही, असं लिहिलेल्या ओळीपुढे सही करायची आहे.