मालक म्हणून पाया पड

"पाया पड त्यांच्या. आजपास्नं मालक हायेत ते."

दसऱ्याचा दिवस. अर्नाळ्यातला आमचा बर्फाचा कारखाना. यंत्रांची पूजा नुकतीच आटोपलेली. समोर कामगार, आमचा बर्फ नेणारे मासेमारी बोटींचे मालक. बाबांनी माझ्या नवऱ्याच्या गळ्यात हार घातला आणि मला हे सांगितलं. सगळ्यांसमोर.

मी एकुलती एक. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून कारखाना मीच चालवत होते. बर्फाच्या यंत्रातला विषारी अमोनिया वायू सुटला तेव्हा ओला टॉवेल तोंडाला बांधून आत गेले, व्हॉल्व्ह बंद केला. तेव्हा लागलेला खोकला अजून जात नाही. नवरा अंधेरीला बँकेत. बर्फाची लादी कधी त्याने हाताने सरकवली नव्हती.

"बाबा, माझ्यात काय कमी हाय?"

"बाईच्या हाताखाली मानसं काम करत नाय."

माणसं समोरच उभी होती. वर्षानुवर्षं माझ्या हाताखाली काम केलेली. मी एकेकाकडे बघितलं. एकानेही मान वर केली नाही. नवरा हार नीट करत होता. काढत नव्हता.

कुणीतरी मागून हसलं. "पड गो, नवराच हाय तुजा."

नवरा म्हणून सणावाराला वाकले होते. पण आता मालक म्हणून? ज्या जागेत माझी फुप्फुसं जळली, त्या जागेत?

"नाही पडणार," म्हटलं. आणि चालत बाहेर आले.

घरी नवरा म्हणाला, "बाबांनी मला महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

म्हणजे महिनाभर माझ्याच ताटात जेवत होता. गप्प.

दोन दिवसांनी बाबांचा फोन. "ये गो. जावयाला काम शिकव."

गेले. शिकवायला नाही. "कारखान्याची जमीन आज्याची हाय, बाबा. तिच्यात माजा वाटा हाय. वकिलाला भेटून आलेय."

बाबा पांढरे पडले. बाबांकडेच राहणारी माझी मावशी रडायला लागली. माहेर तुटेल म्हणाली. तुटू दे. मला सणाची साडी नको. मला माझा वाटा पाहिजे, माझ्या नावावर.

"बापाला कोर्टात उबा करशील?" बाबांनी विचारलं.

"करीन."

तेव्हा आवाज कापला होता माझा. परवा वसईच्या कोर्टात दावा दाखल केला. आता कुणीही विचारा. कापणार नाही.